रजोनिवृत्तीनंतरची पुरुषी संप्रेरके : एका निदानाचा इतिहास

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात अँड्रोजेन वर्गातली संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढली, की त्याची पहिली खूण बहुधा चेहऱ्यावर दिसते. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर राठ केस उगवतात. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि टाळूवर मात्र डोक्याचे केस विरळ होत जातात. वाढ फार असेल तर आवाज घोगरा होतो, दंड-खांदे भरतात, शिश्निका मोठी होते. यांतली पहिली खूण इतकी सर्रास आढळते की बायका ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते. अँड्रोजेन विशीनंतर हळूहळू, वर्षानुवर्षे उतरतच आलेले असते. पाळी जाण्याने त्याला एकदम ओहोटी लागत नाही. दोन्हींतला तोल त्यामुळे अँड्रोजेनकडे झुकतो आणि हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात. आवाज ठळकपणे पुरुषी होणे मात्र कोणत्याही वयात नैसर्गिक नसते.

वयाची लव कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, ही सीमारेषा आखायला वैद्यकाला सुमारे २४०० वर्षे लागली. एक कारण उघड आहे : रक्तातले संप्रेरक मोजण्याचे साधनच नव्हते. दुसरे कारण अधिक चिवट होते. पाळी गेली म्हणजे बीजकोशाचे काम संपले, तो सुरकुतून पडलेला निकामी अवयव, अशी समजूत डॉक्टरांमध्येही घट्ट होती. जो अवयव संपला असे मानले, त्याच्यात कोणी काही शोधायला जात नाही.

या विषयावरची सर्वांत जुनी नोंद ग्रीक आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात ‘साथी’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात ॲबडेरा गावच्या फेथूसा नावाच्या बाईची हकिकत येते. ती पिथिआसची बायको. आधी मुले झालेली. नवरा हद्दपार झाला आणि तिची पाळी बराच काळ बंद पडली. पुढे सांधे दुखू लागले, लाल झाले, शरीर पुरुषासारखे दिसू लागले, अंगभर केस आले, दाढी आली, आवाज खरखरीत झाला. पाळी परत यावी म्हणून वैद्यांनी होते नव्हते ते सारे उपाय केले. उपयोग झाला नाही आणि ती थोड्याच काळात वारली. थासोस बेटावरच्या नान्नो या बाईचेही असेच झाल्याची नोंद तिथेच आहे. फेथूसाचे वय दिलेले नाही, त्यामुळे तिची पाळी वयाने गेली की आजाराने, हे ठरवता येत नाही. पण नोंद करणाऱ्याची नजर तयारीची होती. पाळी थांबणे, केस, दाढी, आवाज आणि मृत्यू ही लक्षणे त्याने ज्या क्रमाने लिहिली आहेत, तो क्रम आजच्या डॉक्टरला अँड्रोजेन तयार करणाऱ्या गाठीची शंका यावी असाच आहे. चुकले ते कारण. शरीरातले जादा रक्त बाहेर पडले नाही म्हणून ते आतच मुरले आणि बाईचे शरीर पुरुषी झाले, अशी त्या काळची उपपत्ती होती. आणि रक्त अडले कशाने, तर नवरा दूर गेला म्हणून! बाईच्या आजाराचे मूळ तिच्या संसारात शोधण्याची ही खोड पुढे फार काळ टिकली.

भारतीय वैद्यकात हा विषय स्वतंत्रपणे येत नाही, पण त्याच्या कडेकडेने काही उल्लेख सापडतात. सुश्रुतसंहितेने पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत धरला आहे, म्हणजे रजोनिवृत्तीचे वय आजच्या आकड्याजवळच ठेवले आहे. चरकाने ज्या आठ प्रकारच्या देहांना निंदित म्हटले त्यांत अंगावर फार केस असलेला ‘अतिलोमा’ येतो. हा उल्लेख स्त्री-पुरुष दोघांना लागू आहे आणि त्यात रोगापेक्षा लोकांच्या नजरेचा भाग मोठा. काश्यपसंहितेतला उल्लेख अधिक नेमका आहे. रेवतीकल्पात जातहारिणींचे, म्हणजे गर्भ किंवा मूल हिरावून नेणाऱ्या शक्तींचे, प्रकार सांगताना ‘पुष्पघ्नी’ नावाचा एक प्रकार येतो : पाळी वेळेवर येते पण ती वाया जाते, मूल होत नाही, आणि बाईचे गाल भरलेले व केसाळ असतात. हा ग्रंथ नेपाळात हाती लागलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. पुष्पघ्नी ही पाळी चालू असलेली बाई आहे, रजोनिवृत्त नव्हे. तरीही लठ्ठपणा, चेहऱ्यावरचे केस आणि वंध्यत्व यांचा मेळ इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी ध्यानात आला होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

युरोपात या अवस्थेची सर्वांत प्रसिद्ध नोंद वैद्याने नव्हे, चित्रकाराने करून ठेवली. १६३१ सालच्या फेब्रुवारीत नेपल्समध्ये होसे दे रिबेरा याने माग्दालेना व्हेन्तुरा या बाईचे चित्र पूर्ण केले. चित्र काढायला सांगितले होते नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने, म्हणजे अल्कालाच्या ड्यूकने. दाट काळी दाढी, पुढे टक्कल पडलेले कपाळ, कष्टाने राठ झालेले हात, आणि उघड्या स्तनाशी धरलेले तान्हे मूल. मागे अंधारात नवरा उभा. शेजारच्या दगडी शिळेवर लॅटिनमध्ये सारी माहिती कोरल्यासारखी रंगवली आहे : ती आब्रुत्सी भागातली, वय ५२, सदतिसाव्या वर्षी दाढी यायला सुरुवात झाली, त्याआधी नवऱ्यापासून तीन मुलगे झाले. शिळेवर सूत कातायची चाती ठेवलेली आहे. ही बाईच आहे, हे पाहणाऱ्याने विसरू नये म्हणून. बावन्न वर्षांच्या बाईच्या कुशीतले तान्हे मूलही अनेक अभ्यासक तशीच खूण मानतात.

रिबेराने तिला हास्यास्पद केले नाही. तिची नजर थकलेली आहे, नवऱ्याची ओशाळलेली. शिलालेख मात्र तिला निसर्गाचा महान चमत्कार म्हणतो, आणि तिच्या काळाने तिला दिलेली जागा तीच होती : महालात बोलावून पाहुण्यांना दाखवायचे नवल. आजचे डॉक्टर हे चित्र पाहून बीजकोशातली किंवा अधिवृक्क ग्रंथीतली गाठ, बीजकोशाच्या आवरणपेशींची वाढ असे वेगवेगळे तर्क करतात. पंधरा-सोळा वर्षे ती बाई या अवस्थेत जगली, हे पाहता झपाट्याने पसरणारा कर्करोग तरी संभवत नाही. याच्या पुढे चित्रावरून जाता येत नाही.

वय आणि पुरुषी खुणा यांचा संबंध पहिल्यांदा शास्त्रीय प्रश्न म्हणून मांडला गेला तो पक्ष्यांच्या निमित्ताने. म्हाताऱ्या कोंबडीला तुरा येतो, ती आरवू लागते, हे खेड्यापाड्यांत सगळीकडे माहीत होते. लोक त्याला अपशकुन मानत. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात अंडे घातल्याचा आरोप ठेवून एका ‘कोंबड्या’वर रीतसर खटला चालला आणि त्याला जाळण्यात आले. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने याच नवलाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १७८० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने नरासारखी पिसे आलेल्या फेझंट माद्यांचे वर्णन छापले आणि सोबत लेडी टिंट यांच्या लाडक्या लांडोरीची हकिकत दिली. त्या लांडोरीने आठ वेळा पिल्ले काढली होती. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास पिसे झडली आणि नवी आली ती मोराची. हंटरने त्यापुढे एक वाक्य माणसांबद्दल लिहिले : उतारवयात अनेक बायकांच्या चेहऱ्यावर केस वाढतात, तोही याच दिशेचा बदल असावा. १८२७ साली विल्यम यॅरेल याने अशा फेझंट माद्या चिरून पाहिल्या तेव्हा त्यांचे बीजकोश रोगट किंवा आक्रसलेले आढळले. वय आणि केस यांच्या मधला दुवा बीजकोश आहे, हे इथे प्रथम दिसले.

दुवा बरोबर होता, पण साम्य फसवे निघाले. मोराचा पिसारा नरसंप्रेरकाने येत नाही. मादीचे इस्ट्रोजेन तो दाबून ठेवते आणि बीजकोश निकामी झाला की तो आपोआप फुलतो. बाईच्या दाढीचे तसे नाही. नुसते इस्ट्रोजेन गेल्याने दाढी येत नाही, तिला अँड्रोजेन लागतेच. हंटरच्या तर्कातला हा फरक कळायला विसावे शतक उजाडावे लागले. दरम्यान ‘बीजकोश विझला की पुरुषीपणा वर येतो’ ही कल्पना वैद्यकात रुजून बसली, आणि विझलेला बीजकोशच काही तयार करत असेल ही शक्यता मागे पडली. रजोनिवृत्तीला ‘मेनोपॉज’ हे नाव मिळाले तेही याच काळात; फ्रेंच वैद्य गार्दान याने १८२१ मध्ये ते रूढ केले. शब्दाचा अर्थच ‘थांबणे’.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८४९ मध्ये ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड याने कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले आणि काहींच्या पोटात ते पुन्हा बसवले. ज्यांच्या पोटात वृषण होते त्यांना तुरा आला, ते आरवले, भांडले. उरलेले खच्ची कोंबडेच राहिले. मज्जातंतू तुटलेले असताना हा परिणाम होतो, म्हणजे काहीतरी रक्तातून जाते, हे त्यातून सिद्ध झाले. १८५५ मध्ये टॉमस ॲडिसनने अधिवृक्क ग्रंथींच्या नाशाने होणारा आजार वर्णिला आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी बिनकामाच्या नाहीत हे दाखवले. शतकाच्या अखेरीपर्यंत शवविच्छेदन करणाऱ्यांना एक जोडी वारंवार दिसू लागली होती : दाढी आलेली बाई किंवा अकाली वयात आलेली मुलगी, आणि पोटात अधिवृक्क ग्रंथीची गाठ. १९०५ साली लंडनमध्ये बुलॉक आणि सिक्वेरा यांनी अशा रुग्णांचा आढावा घेतला. त्याच वर्षी अर्नेस्ट स्टार्लिंगने ‘हार्मोन’ हा शब्द वापरात आणला. पॅरिसच्या अपेर याने १९१० मध्ये केसाळपणाला ‘हिर्सुटिझम’ हे नाव दिले.

आता दोषी ठरली अधिवृक्क ग्रंथी, आणि मग जिथे तिथे तीच दिसू लागली. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात लेनक्स ब्रॉस्टर हा शल्यविशारद १९३० च्या दशकात पुरुषी लक्षणे असलेल्या अनेक बायकांची एका बाजूची अधिवृक्क ग्रंथी काढत असे. त्यांतल्या सगळ्यांच्या ग्रंथीत गाठ होती असे मुळीच नाही. अधिवृक्क ग्रंथीची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन अजून हाती नव्हते, त्यामुळे ही शस्त्रक्रिया जिवावरची होती. हनुवटीवरच्या केसांसाठी एवढी जोखीम घ्यायला बायका तयार होत, यावरून त्यांना समाजात काय सोसावे लागत असेल याचा अंदाज येतो.

रजोनिवृत्तीनंतरच्या रुग्णांच्या दृष्टीने या काळातला सर्वांत महत्त्वाचा निबंध मात्र वेगळाच होता आणि तो बराच काळ नीट वाचलाच गेला नाही. १९२१ साली पॅरिसमध्ये एमिल आशार आणि जोझेफ तिएर यांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ वर्णिला : पाळी गेलेल्या वयातली बाई, चेहऱ्यावर दाढी, जोडीला मधुमेह. इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन माणसाला दिले गेले ते त्यानंतर, जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत. म्हणजे रक्तातले इन्सुलिन मोजणे तर सोडाच, ते हाती येण्याआधीच या दोघांनी केस आणि साखर यांची गाठ बांधली होती. त्यांनी कारण शोधले ते अधिवृक्क ग्रंथीतच. खरा धागा पुढे साठ वर्षांनी सापडला. १९८० च्या सुमारास असे दिसून आले की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही तेव्हा स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते, आणि हे वाढलेले इन्सुलिन दोन ठिकाणी काम करते. बीजकोशातल्या पेशींना ते अँड्रोजेन बनवायला उत्तेजन देते. यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन ते घटवते. त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन थोडेच वाढले तरी मोकळे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे, टेस्टोस्टेरॉन बरेच वाढते. पोटावर चरबी वाढलेल्या, साखर चढलेल्या साठीतल्या बाईच्या हनुवटीवर केस दिसण्यामागे आज पुष्कळदा हीच साखळी सापडते.

संप्रेरके रासायनिक रूपात हाती आली ती १९३० च्या दशकात, आणि ती कथा प्रमाणाच्या दृष्टीनेच थक्क करणारी आहे. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांटने बर्लिनच्या पोलिसांची सुमारे १५,००० लिटर लघवी आटवून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाक्युअरच्या गटाने बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलेही. टेस्टोस्टेरॉन बाटलीत आले तसे ते बायकांनाही दिले जाऊ लागले. पसरलेल्या स्तनकर्करोगावर १९४० च्या दशकापासून त्याची इंजेक्शने चालत, आणि त्यांतल्या बऱ्याच रुग्ण रजोनिवृत्त असत. काहींच्या गाठी लहान झाल्या. पण दाढी आली, आवाज फुटला. रजोनिवृत्त स्त्रीच्या शरीरात बाहेरून अँड्रोजेन घातले तर काय होते, याचा तो कोणी न योजलेला प्रयोगच होता. औषध थांबवल्यावर केस कमी होत, आवाज मात्र परत येत नसे.

शरीरातली अँड्रोजेन मोजण्याची पहिली सर्रास चाचणीही १९३५ ची. व्हिल्हेल्म झिमरमानच्या रंगक्रियेने लघवीतली १७-कीटोस्टिरॉइड मोजता येऊ लागली आणि पुढची तीस वर्षे निदान या आकड्यावर बेतले गेले. यात एक मोठा खड्डा होता. या गटातले बहुतेक पदार्थ अधिवृक्क ग्रंथीतून येणारे, तुलनेने सौम्य. टेस्टोस्टेरॉन सर्वांत प्रबळ, पण रासायनिक दृष्ट्या ते १७-कीटोस्टिरॉइड नव्हे. फक्त टेस्टोस्टेरॉन सोडणारी बीजकोशातली गाठ असेल तर बाईला दाढी यायची, आवाज फुटायचा आणि लघवीचा अहवाल ‘सामान्य’ यायचा. अधिवृक्क ग्रंथीवरचा संशय एवढा टिकून राहिला त्यात या चाचणीचा वाटा मोठा होता : जी चाचणी एकाच आरोपीला ओळखू शकते, तिच्यापुढे दुसरा आरोपी सुटणारच.

बीजकोशाची बाजू पुढे आणली ती सूक्ष्मदर्शकाने. बीजकोशाला जिथून रक्तवाहिन्या जातात त्या नाभिका भागात काही पेशी असतात आणि त्या वृषणातल्या लायडिग पेशींसारख्या दिसतात, हे १९२२ मध्ये लुई बर्जेने दाखवले. लायडिग पेशींत फ्रीड्रिश राइंके याने १८९६ मध्ये काडीसारखे स्फटिक पाहिले होते. तसेच स्फटिक बाईच्या बीजकोशातल्या या पेशींतही सापडले. १९४९ मध्ये विल्यम स्टर्नबर्गने या नाभिकापेशींचा, त्यांच्या वाढीचा आणि गाठींचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. या गाठी लहान असतात, बहुधा एकाच बाजूला, बहुधा सौम्य, आणि मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांत आढळतात. त्याच १९४९ साली क्युलिनर आणि शिपेल यांनी दुसरी अवस्था मांडली : गाठ नाही, पण दोन्ही बीजकोशांच्या गाभ्यात अँड्रोजेन बनवणाऱ्या आवरणपेशींचे पुंजके विखुरलेले. आज तिला ओव्हेरियन हायपरथिकोसिस म्हणतात. रजोनिवृत्तीनंतर अँड्रोजेन ठळकपणे वाढण्याच्या, गाठीशिवायच्या कारणांत ती आघाडीवर आहे.

पाळी गेल्यावर हे का व्हावे, याचा खुलासा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून मिळाला. बीजकोश इस्ट्रोजेन देईनासा झाला की पीयूषिका त्याला चाबकाने हाकावे तशी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरके अनेकपटींनी वाढवते. बीजे संपलेली असल्याने एफएसएचला प्रतिसाद द्यायला कोणी उरलेले नसते. आवरणपेशी आणि नाभिकापेशी मात्र एलएचला अजून दाद देतात, आणि त्यांच्याकडून तयार होते ते अँड्रोजेन. बहुतेक बायकांत हा प्रतिसाद क्षीण असतो. काहींत, विशेषतः इन्सुलिनची भर पडलेल्यांत, तो जोरदार असतो.

रक्तातले टेस्टोस्टेरॉन मोजणे शक्य झाले ते रेडिओइम्युनोॲसे या पद्धतीने. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ती मुळात इन्सुलिनसाठी १९५० च्या दशकाअखेर विकसित केली; १९७० च्या आगेमागे ती टेस्टोस्टेरॉनसाठी वापरात आली. यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. त्या वर्षीच्या वैद्यकाच्या पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग गेला गीयमँ आणि शॅली यांना, पीयूषिकेला आज्ञा देणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकांच्या शोधासाठी. या आजाराच्या दृष्टीने तो योग मजेशीर ठरला : त्याचे निदान एका अर्ध्यातून आले आणि पुढे एक औषध दुसऱ्या अर्ध्यातून.

१९७४ मध्ये हॉवर्ड जड आणि सहकाऱ्यांनी रजोनिवृत्त बायकांच्या बीजकोशातून निघणाऱ्या शिरेतले रक्त आणि हाताच्या शिरेतले रक्त यांची तुलना केली. बीजकोशाच्या शिरेत टेस्टोस्टेरॉन सुमारे १५ पट होते. संपला म्हणून सोडून दिलेला अवयव चालू होता. कॅलिफोर्नियातल्या रँचो बर्नार्डोच्या पाहणीत, २००० साली, दोन्ही बीजकोश काढलेल्या वयस्क बायकांत टेस्टोस्टेरॉन सुमारे ४० टक्के कमी आढळले; तोही पुरावा त्याच बाजूचा. पण वाद मिटला नाही. २००१ मध्ये बेआत्रिस कुझिने यांच्या फ्रेंच गटाने ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी आहेत अशा रजोनिवृत्त बायका तपासल्या. त्यांच्यात बीजकोश असूनही अँड्रोजेन जवळजवळ नव्हतेच. मग बीजकोश करतो काय? २००७ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांपर्यंतही बीजकोशाचे उत्पादन चालू राहते असे पुन्हा म्हटले. दोन्ही बाजू थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात : अधिवृक्क ग्रंथी कच्चा माल पुरवतात, आणि बीजकोशांची कामगिरी बाईगणिक फार वेगळी असते.

वादात भर टाकली ती मोजमापाच्या दोषाने. रेडिओइम्युनोॲसे आणि तिच्या वारसदार चाचण्या पुरुषांच्या पातळीसाठी ठीक होत्या. बाईच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतके. तिथे त्या डळमळत. बायकांसाठी ही चाचणी निव्वळ अंदाजापेक्षा बरी आहे का, असा प्रश्न २००३ मध्ये एका रसायनविज्ञान नियतकालिकाच्या संपादकीयाने शीर्षकातच विचारला. आता मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारलेली पद्धत खात्रीची मानतात. ती सगळ्या प्रयोगशाळांत अजूनही नाही.

केस मोजण्याचीही एक पद्धत आहे. डेव्हिड फेरिमन आणि गॅलवे यांनी १९६१ मध्ये शरीराच्या अकरा जागांना ० ते ४ गुण देण्याची रीत मांडली. पुढे दोन जागा गाळून ती नऊवर आली. वयस्क बायकांना ती नीट बसत नाही. वयाबरोबर पोट, मांड्या, काखा इथले केस घटतात आणि हनुवटीवरचे वाढतात, त्यामुळे एकूण गुण कमी येऊनही आजार असू शकतो. आपल्याकडे पार्लरमधल्या दोऱ्याने ही खूण दर पंधरा दिवसांनी नाहीशी होते. डॉक्टरने विचारल्याशिवाय बाई सांगत नाही, आणि साठीच्या बाईला हा प्रश्न विचारणे डॉक्टरच्याही मनात येत नाही.

केस घालवण्याच्या उपायांचा इतिहास निराळ्या निबंधाचा विषय आहे. १८७५ मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी विजेची सुई वापरली आणि ती सौंदर्यव्यवसायाने उचलली. अमेरिकेत १९२० च्या दशकात ‘ट्रायको’ नावाच्या क्ष-किरण यंत्रांनी हजारो बायकांच्या चेहऱ्यावरचे केस जाळले. पुढे त्यांतल्या पुष्कळींना व्रण पडले, काहींना कर्करोग झाले. आजार पोटात, आणि उपाय हनुवटीवर.

खरा उपचार कारणावर अवलंबून असतो, आणि कारण शोधताना आजही दोन गोष्टी आधी पाहतात : लक्षणे किती वेगाने आली आणि टेस्टोस्टेरॉन किती आहे. तरुणपणापासून पाळी अनियमित, केस आधीचेच आणि वाढ संथ असेल तर बहुधा पीसीओएसची, म्हणजे तरुणपणीच सुरू होणाऱ्या बीजकोशाच्या संप्रेरकविकाराची, ती पुढची अवस्था असते. स्वीडनच्या गोटेबर्गमध्ये पीसीओएसचे निदान झालेल्या बायकांचा पाठपुरावा त्यांच्या साठी-सत्तरीपर्यंत झाला, तेव्हाही त्यांच्यात समवयस्कांपेक्षा केसाळपणा जास्त आढळला. आजार पाळीबरोबर जात नाही. काही महिन्यांत दाढी आली आणि आवाज बदलला, तर गाठ शोधावीच लागते. रक्तातले डीएचईए-सल्फेट हे अधिवृक्क ग्रंथीतले संप्रेरक फार वाढलेले असेल तर बोट अधिवृक्क ग्रंथीकडे जाते. ते सामान्य असून टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला १०० ते १५० नॅनोग्रॅमच्या पुढे असेल, तर बीजकोशाकडे. सीटी किंवा एमआरआयमध्ये नाभिकापेशींची गाठ पुष्कळदा दिसतच नाही, इतकी ती लहान असते. बीजकोशांच्या आणि अधिवृक्क ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेण्याची रीत १९७१ मध्ये कर्शनर आणि जेकब्स यांनी वापरून दाखवली. ती कौशल्याची आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते. रक्तदाबासाठी आलेले स्पायरोनोलॅक्टोन १९७० च्या दशकाअखेरपासून केसांवरही वापरतात. पीयूषिकेचे एलएच थांबवणारी इंजेक्शने, म्हणजे शॅली-गीयमँ यांच्या शोधाची पुढची पायरी, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या बाईला देता येतात.

ज्यांना झेपते त्यांच्यासाठी दुर्बिणीतून दोन्ही बीजकोश काढणे हेच बऱ्याचदा निदान आणि हाच उपचार ठरतो; काढलेला बीजकोश सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच गाठ होती की हायपरथिकोसिस ते कळते. शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन काही दिवसांत खाली येते, दाढी काही महिन्यांत विरळ होते. आवाज पूर्वीसारखा होत नाही.